मदत हवी आहे: हॅवलॉकला अडकलोय, परवा सकाळचं विमान गाठायचंय

आम्ही चौघं अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे स्वराजद्वीपला अडकलोय. सोबत आई (७१) आणि सहा वर्षांची मुलगी. समुद्र खवळलाय, खासगी बोट काल रद्द, आजही रद्द. पैसे परत देतायत, पण पुढचं तिकीट थेट चार दिवसांनंतरचं. पोर्ट ब्लेअरहून चेन्नईमार्गे मुंबईचं विमान परवा सकाळी ९ला आहे.

सरकारी बोटीच्या खिडकीपुढे पहाटे साडेपाचपासून उभा होतो. पुढे नऊच माणसं उरली आणि खिडकी धाडकन बंद! विमानाची तारीख बदलायची तर भुर्दंड जवळपास तिकिटाइतकाच. त्यात माझा फोन इथल्या राधानगर किनाऱ्यावर लाटेत गेला. बायकोच्या फोनवरून लिहितोय, रेंज येते-जाते, म्हणून कृपया इथेच लिहा. राहायची सोय आहे. आईच्या बीपीच्या गोळ्या मोजल्या, सहाच उरल्यात. हेलिकॉप्टर सुचवू नका, ती एसटीतसुद्धा डोळे मिटून बसते.

विमानाचं तिकीट दाखवलं तर सरकारी बोटीत आधी जागा मिळते का? आणि त्यासाठी जेट्टीवर नेमकं कुणाला भेटायचं?