म्हणणे बाजूला राहते आणि हेतूचीच चौकशी सुरू होते, अशा वेळी काय उत्तर द्यावे?

उजळणी (प्रश्न)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेते आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली, हे सर्वांना आठवत असेलच. त्या धामधुमीत मी एका सार्वजनिक चर्चेत एवढेच लिहिले होते की, सहा वर्षांचे मूल जूनमध्ये ‘ट’ आणि ‘ठ’ यांत अडखळत असते, त्याच वर्षी त्याच्यापुढे इंग्रजीची लिपी येते, तेव्हा तिसरी भाषा पाचवीपासून सुरू व्हावी, मग ती हिंदी असो वा कानडी.

तासाभरात तीन प्रतिसाद आले. पहिल्यात होते, “बाईंना हे कोणी लिहायला सांगितले ते उघड आहे.” दुसऱ्यात होते, “म्हणजे पाचवीपासून का होईना, हिंदी मान्यच आहे, मुखवटा गळाला.” तिसऱ्याचे म्हणणे, शिक्षकांना काम नको असते म्हणून ही ओरड. एकाच परिच्छेदावरून मी हिंदीद्वेष्टी, हिंदीची छुपी समर्थक आणि कामचुकार अशी तिन्ही ठरले. ‘ट’ आणि ‘ठ’चे काय, ते कोणीच विचारले नाही. मी कोणत्याही पक्षाची नाही असे लिहिले, तर “हे सांगावे लागते यातच सारे आले” असे उत्तर मिळाले.

आता कबुलीही देते. तिसरा आरोप अगदीच खोटा नाही. एक विषय वाढला की माझे काम वाढणार आहे आणि ते मला नको आहे. शिवाय, हिंदी लवकर शिकवावी असे लिहिणाऱ्या एका गृहस्थांना त्याच चर्चेत मी स्वतःच “आपला शिकवणी वर्ग दिसतो” असे सुनावले होते. त्यांनी शांतपणे लिहिले की, त्यांची नांदेडहून इंदूरला बदली झाली आणि चौथीतला मुलगा तिथल्या वर्गात वर्षभर गप्प बसून राहिला. मला त्या दिवशी फार लाजल्यासारखे झाले.

माझा प्रश्न असा आहे की, अशा आरोपाला उत्तर द्यावे की सोडून द्यावे? आणि समोरच्याच्या हेतूबद्दल शंका घेणे नेहमीच चूक असते का?

---

पूर्वपक्ष

बाई, तुमच्या प्रश्नातला ‘हेतू’ हा शब्दच आपल्याकडे वाट चुकलेला आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, हेतू म्हणजे मनातला उद्देश नव्हे. आपल्या विधानासाठी वक्ता जे कारण पुढे ठेवतो, तो हेतू. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, या सर्वांच्या परिचयाच्या उदाहरणात धूर हा हेतू आहे. त्यात दोष असेल तर तो हेत्वाभास, आणि तो दाखवून देणे हे प्रतिपक्षाचे कामच. तुमच्या विधानाचा हेतू ‘ट’ आणि ‘ठ’ हा होता. त्यात खोट काढता आली असती. दोन-तीन भाषा कानावर पडत वाढलेली मुले गोंधळत नाहीत, असे कोणी म्हणाला असता तर तो खरा वाद झाला असता. प्रतिसादकांनी हेतू विचारला खरा, पण धुराकडे न पाहता, धूर दाखवणाऱ्याला आग लागलेली का हवी आहे, याची चौकशी केली.

न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू मुळीच न मांडता दुसऱ्याची केवळ मोडायची ती वितंडा. जल्पात आणि वितंडेत चालणाऱ्या क्लृप्त्यांत छल येतो, म्हणजे वक्त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या तोंडी घालणे. भाष्यकार वात्स्यायनांचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. ‘हा मुलगा नवकंबल आहे’ असे कोणी म्हणतो, त्याच्या अंगावरची घोंगडी नवी आहे एवढेच त्याला सांगायचे असते, आणि समोरचा विचारतो, “नऊ घोंगड्या कुठे आहेत? मला तर एकच दिसते.” तुमच्या ‘पाचवीपासून’मध्ये ‘हिंदी मान्य’ वाचणाऱ्याने घोंगड्याच मोजल्या. (शाळेचेच उदाहरण हवे असेल, तर आपली ‘शिक्षा’ आणि हिंदीतली ‘शिक्षा’ ही जोडी आहेच.)

मात्र छल आणि हेत्वारोप, म्हणजे समोरच्याच्या मनातल्या उद्देशावर आरोप करणे, यांत एक फरक आहे. छलाला उत्तर असते: मी नऊ नव्हे, नवी म्हणालो. हेत्वारोपाला असे उत्तर नसते, कारण मन उघडून दाखवता येत नाही, आणि नकार दिला की तोच पुरावा होतो. म्हणून माझ्या मते तुम्ही पक्षाचा खुलासा करायलाच नको होता. तुमचे विधान पुन्हा एकदा, त्याच शब्दांत, खाली लिहायचे आणि विचारायचे, की यातले कोणते वाक्य चूक आहे?

---

मांडवीकाठ

पूर्वपक्ष यांचे विवेचन आवडले, पण ते पुण्याच्या वाड्यात बसून केल्यासारखे वाटले, हे नम्रपणे सांगतो. मी फोंड्याचा. आमच्याकडे संशयाला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. संघप्रदेश राहावा या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. तेव्हा मराठीचा कैवार आणि विलीनीकरणाची मागणी बऱ्याच अंशी एकाच व्यासपीठावर उभी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही त्यात तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला, म्हणजे विलीनीकरणाचा विषय व्यवहारात संपला. तरीही आज एखाद्याने पंचायतीतला अर्ज मराठीत स्वीकारावा एवढे लिहिले, की कोणीतरी १९६७ काढतोच. उलट बाजूनेही तेच चालते. कोंकणीच्या शाळेबद्दल कोणी चार शब्द चांगले बोलला, की मराठीच्या मुळावर उठला म्हणून त्याची संभावना होते. माझ्या वडिलांनी विलीनीकरणाला मत दिले होते आणि आई घरात कोंकणीच बोलायची. आमच्या घराचा छुपा हेतू कोणता, हे ठरवायला या मंडळींना जड जाईल.

पण बाई, ज्यांच्या वाट्याला एकदा खरोखरच छुपा डाव आला असेल, ते पुढच्या वेळी सावध होणार. त्यांना केवळ तर्कशास्त्राचा धडा देऊन भागत नाही. मी अशा वेळी आधीच लिहून टाकतो: ‘मला विलीनीकरण नको आहे, मला अर्जाचा नमुना हवा आहे.’ सगळे थांबत नाहीत, पण दहातले चार-पाच तरी अर्जावर बोलू लागतात.

---

मागच्या_बाकावरून

मी विधिमंडळाच्या कामकाजाचे वार्तांकन बरीच वर्षे केले. हा रोग समाजमाध्यमांनी आणला असे मानणाऱ्यांनी जुनी इतिवृत्ते चाळावीत. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत ३५२ वा नियम आहे. त्यानुसार भाषण करताना दुसऱ्या सदस्याच्या उद्देशावर आरोप करता येत नाही किंवा त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेता येत नाही. अपवाद एवढाच, की तोच चर्चेचा मुद्दा असेल किंवा त्याच्याशी संबंधित असेल आणि चर्चेसाठी तसे करणे अगदी आवश्यक असेल. नियम करावा लागला, यावरूनच माणसांचा स्वभाव कळतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या अपवादात आहे, आणि इथे मी पूर्वपक्ष यांच्याइतका उदार नाही. माणूस युक्तिवाद मांडत असेल, तर तो कोण आहे याने फरक पडत नाही; युक्तिवाद तपासा. पण ‘माझ्यावर विश्वास ठेवा, मी पाहिले आहे’ असे तो म्हणत असेल, तर ती साक्ष झाली, आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हायलाच हवी. तुमच्या मजकुरात दोन्ही होते. वयाचा मुद्दा हा युक्तिवाद. मुले जूनमध्ये अडखळतात, ही साक्ष. साक्षीपुरते तुम्हाला कोणी विचारले, की बाई, कोणत्या शाळेत, किती मुले, यात तुमचे काही गुंतले आहे का, तर तो अपमान नव्हे. मात्र त्याने हितसंबंध विचारावा, हेतू ठरवू नये. हितसंबंध कागदावर दाखवता येतो: पगार, नाते, पद, वर्ग चालवत असल्यास वर्ग. हेतू फक्त तर्काने बांधता येतो, आणि तो बांधणारा बहुधा स्वतःच्याच मनातले सामान वापरतो.

सरकारबद्दलही तेच. १७ जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अट होती. ‘दिल्लीला खूश करण्यासाठी हे केले’ असे हजारो जणांनी लिहिले; कदाचित खरेही असेल, मला सिद्ध करता आले नसते. पण ज्या गावात पहिली ते चौथी मिळून १८ मुले आहेत, तिथे ही अट कोण आणि कशी पूर्ण करणार, असे विचारणाऱ्याला कोणाच्या मनात शिरावे लागले नाही, आणि त्याचे म्हणणे खोडणे अवघड होते. शंका घ्यायची तर ती अशी, परिणामावर बोट ठेवून घ्यावी.

पैसे घेऊन लिहिणाऱ्यांच्या टोळ्या आहेत, हे मला मान्य आहे. त्यांचा मजकूर शब्दशः तोच दहा ठिकाणी सापडतो. त्यासाठीही मन वाचायची गरज नाही, शोध घेता येणे पुरते.

---

शाईचा_डाग

एक छोटी भर. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर लिहायला सांगितली आणि वाचणाऱ्याला फरक कळेल का, असे लिहिणाऱ्यांना विचारले. सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्क्यांच्या आसपासच ओळखता आले, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे. साधा टोमणा ओळखण्यात आपली ही गत, आणि आपण छुपे उद्देश छातीठोकपणे सांगतो.

---

उजळणी (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. ‘मागच्या बाकावरून’ यांचे म्हणणे मला बोचले, पण पटले. माझी शाळा बावीस पटाची आहे आणि पहिलीत या वर्षी पाच मुले आहेत, हे मी त्या चर्चेत लिहायला हवे होते. पाच मुलांवरून मी सगळ्या महाराष्ट्राबद्दल बोलत होते. मांडवीकाठ यांनी सांगितलेले वाक्य मात्र मला जमेलसे वाटत नाही. आधीच खुलासा केला की आमच्याकडे लोक जास्तच निरखून पाहतात.

इंदूरच्या त्या गृहस्थांना काल मी क्षमा मागणारा निरोप पाठवला आणि विचारले की, मुलगा नेमका कुठे अडला. मला वाटले होते व्याकरणात, फार तर ‘ने’ आणि ‘को’मध्ये. त्यांनी लिहिले, गणितात. त्याला पाढे मराठीत पाठ होते, आणि बाईंनी फळ्यावर न लिहिता तोंडी ‘उनासी’ म्हटले, की तो ते ऐंशीच्या घरातले समजून ८९ लिहायचा. आपल्या ‘एकोणऐंशी’शी त्याची सांगड घालायला त्याला दिवाळी उजाडली. एकवीस वर्षांत हे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते. हिंदी पहिलीपासून नको, हे माझे मत आजही तेच आहे. पण पाचवीपासून सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात नेमके काय शिकवायचे, याबद्दल मी त्यांनाच आणखी चार प्रश्न पाठवले आहेत.