गोव्याच्या दमट हवेत बॉल पायथन: तुमची पद्धत कशी बसली?

साखळीवाला:
नमस्कार मंडळी. बॉल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या लहान बिनविषारी अजगराचं, पिल्लू घ्यायचं मनात आहे. वाचन भरपूर झालं, पण एक म्हणतो आर्द्रता ५५ टक्के ठेवा, दुसरा म्हणतो ८०. कोणी रोज पाणी फवारायला सांगतो. आमचं घर कौलारू, जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरते. इथे साप पाळणाऱ्यांनी आपलं गणित कसं बसवलं?

फोंड्याची_ताई:
फवारणीचा सल्ला थंड देशांतला. तिथे हीटरने खोली कोरडी पडते, आपल्याकडे पावसात उलटं. जून ते सप्टेंबर मी फवारतच नाही. पाण्याचं भांडं लहान ठेवते, सापाच्या पेटीला वरून आणि बाजूने हवा खेळती ठेवते, आणि पेटीत अंथरायचा काथ्याचा भुसा उन्हाची तिरीप मिळाली की वाळवून भरून ठेवते. परसातली नारळाची सोडणं तशीच कुटून घालू नका, बुरशी आणि बारीक किडे येतात.

गरम कोपरा ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२७. हे आकडे पाळायचेच, आणि हीट मॅट (पेटी तापवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावायचीच नाही. पण ते गाठायचे कसे, हे तुमची खोली सांगते. मे महिन्यात माझ्याकडे मॅट दिवसभर बंद असते आणि सगळी धडपड थंड बाजूसाठी. तिथे मातीचं मडकं उपडं घातलंय, कडा घासून गुळगुळीत केलेली. बाहेरून ओलं केलं की आत गारवा राहतो. दुपारी साप तिथेच असतो, रात्री बाहेर पडतो. तो सतत एकाच टोकाला चिकटून राहिला, तर तापमान पुन्हा मोजा.

एक वही ठेवा: तापमान, आर्द्रता, खाणं, वजन, कात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. कात डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट अखंड उतरली, तर आर्द्रता पुरेशी आहे. पोटाच्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग दिसले तर ओल जास्त झाली. श्वासाला घरघर किंवा नाकाशी बुडबुडे दिसले तर थेट डॉक्टर. सापांवर उपचार करणारा डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा.

म्हापशेकर:
कागदपत्रं आधी बघा, दादा. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. हस्तांतर, पिल्लं, मृत्यू, सगळं कळवावं लागतं. विकणारा कागद देत नसेल तर घेऊच नका. आणि आपली धामण, हरणटोळ, अजगर पाळणं गुन्हा आहे, अंगणात सापडलेलं पिल्लूसुद्धा. वनखात्याला फोन करा.

साखळीवाला:
ताई, म्हापशेकर, आभार. कागद बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही. अजून एक: हे साप महिनोन्‌महिने खात नाहीत म्हणतात, मग काय करायचं?

फोंड्याची_ताई:
मोठ्या सापाचा, विशेषतः नराचा, उपास नेहमीचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. टिकून असेल तर त्याला उगाच छेडू नका. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टरकडे न्या. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतकं थांबू नका, त्याला आठवड्याला एकदा खाणं हवंच. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये सोडवा, मग गरम पाण्यात कोमट करून संध्याकाळी दिवे मालवून चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह नको. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो.