शाळेत स्क्रीन आली, पुढं काय झालं? आपापले अनुभव लिहा

२०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या, पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा क्यूआर कोडची चर्चा आमच्या गावच्या टपरीवर पण झाली. आता पुस्तकात कोड आहेत, भिंतीला टीव्ही आहे. पेपरातलं कौतुक नको, रोजच्या वर्गात काय होतं ते लिहा. शिक्षक, पालक, विद्यार्थी, कुणीही.

माझ्यापासून सुरू करतो. झेडपीची द्विशिक्षकी शाळा. आधी प्रोजेक्टर होता, खिडक्यांना सतरंज्या अडकवून अंधार करायचा, पोरं घामानं निथळायची आणि मागची दोनतीन सरळ झोपायची. मग लोकवर्गणीतून टीव्ही घेतला, तो उजेडात पण दिसतो. पण बिल कोण भरणार? सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, काय काय भागवायचं, खडू का लाइट? मीटर कापून नेला की टीव्हीवर परत कापड.

गणितवाली मॅडम
नववीला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० शिकवायची म्हणजे पोरं पाठ करून मोकळी. जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या ओढून-हलवून बघायचं गणिताचं सॉफ्टवेअर, लावलं आणि एकीला म्हटलं, हा शिरोबिंदू धरून ओढ कुठंही. तिनं ओढत ओढत त्रिकोण पार चपटा केला, एक कोन १७६ वर गेला, उरलेले दोन अगदी बारीक झाले पण बेरीज काही हलेना! मग मागून एकजण ओरडला, मॅडम अजून ओढा, मोडेल. वर्गातला प्रत्येकजण मोडायला येऊन गेला. हे फळ्यावर मला कधीच जमलं नसतं, कारण फळ्यावरचा त्रिकोण हलत नाही. सिद्धता मात्र फळ्यावरच घेते, हातानं लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

धडगावकर
आमच्याकडं पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, पहिलीत आली की पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. रेंज टेकडीवर गेल्यावर, त्यामुळे ते कोड स्कॅन वगैरे विसरा. मी साधा मोबाइल घेऊन पाड्यावर गेलो, आज्यांकडून पावरीत गोष्टी सांगवून रेकॉर्ड केल्या आणि ब्लूटूथ स्पीकरवर लावतो. एक आजी गोष्ट सांगता सांगता मध्येच कोंबडी हाकलते, पोरं त्या हुश्शला सगळ्यात जास्त हसतात, तेवढंच परत लावा म्हणतात. गोष्ट ऐकून झाली की तीच मराठीत बोलायचा प्रयत्न करतो. पहिले काही महिने तोंडातून शब्द न काढणारी पोरं आता मला सुधारतात, सर तसं नाही म्हणत.

दोन शाळकरी पोरांची आई, पुणे
माझं जरा वेगळं. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज, उद्या चार्ट पेपर आणि वाळलेली पानं आणा. पूर्वी डायरीत लिहून यायचं, नाही आणलं तर पोरगं ओरडा खायचं. आता ग्रुपवर निळी टिक दिसते म्हणून ओरडा मला. शिकणं किती बदललं माहीत नाही, गृहपाठ मात्र माझा झालाय.

२०२१ ची बारावी
आमची परीक्षाच रद्द झाली होती. टायट्रेशन मी फक्त व्हिडिओत पाहिलेलं. स्क्रीनवर फिनॉल्फ्थॅलीन हा रंगदर्शक टाकलेल्या आम्लात थेंब थेंब अल्कली पडलं की शेवटी छान फिकट गुलाबी होतं, संपलं. बीएस्सीला पहिल्यांदा ब्युरेट, ती थेंब सोडायची काचेची नळी, हातात घेतली तर एका थेंबात सगळं गडद गुलाबी, परत सुरू. तो शेवटचा अर्धा थेंब सोडायला बोटांना सवय लागते आणि ती व्हिडिओ कितीही वेळा पाहून लागत नाही. पण थिअरीचे तेच व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन पाहता यायचे ते भारी होतं, वर्गात सरांना कुठं मागे नेता येतं.

कोकणातला वाडीकर
लॉकडाऊनला आमच्या वाडीत स्मार्टफोन मोजकेच, ते पण बापाबरोबर कामावर. जुलै २०२० ला सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही शाळेच्या अभ्यासाची मालिका सुरू झाली, ती मात्र शेजारपाजारची पोरं आमच्या पडवीत बसून बघायची. नेट नाही, रिचार्ज नाही. साधा टीव्ही कुणी डिजिटलमध्ये धरत नाही, का कुणास ठाऊक.

स्क्रीनरीडरवाला
मी दृष्टिहीन आहे, माध्यमिकला इतिहास शिकवतो. युनिकोडमधला मजकूर असला की टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, मराठी व्यवस्थित वाचतो, मला वाचक शोधावा लागत नाही, हे माझ्या शाळेच्या काळात स्वप्नच होतं. पण युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ उघडली की फोन नुसती बडबड करतो. सहकारी मंडळी, नोट्स बनवताना एवढं बघा प्लीज. फोटो काढून तर बिलकुल पाठवू नका.

दोन शिक्षकांपैकी एक
सगळे शिकवण्याचं लिहिताय. आमचा मोबाइल शिकवायला कमी आणि माहिती भरायलाच जास्त लागतो. पोषण आहार भरा, हजेरी भरा, आधारवरचं नाव आणि दाखल-खारीज रजिस्टरवरचं नाव जुळवा. एका पोराच्या आडनावात वेलांटी दीर्घ का ऱ्हस्व यावर अख्खी दुपार गेली, तोवर चौथी मैदानावर.

धडगावकर
गणितवाल्या मॅडम, ते जिओजेब्रा नेटशिवाय चालतं का?

गणितवाली मॅडम
चालतं. एकदा रेंजमध्ये असताना डाउनलोड करून घ्या, मग नेट लागत नाही. फोनवर पण होतं, पण बोटानं बिंदू धरणं लहान स्क्रीनवर अवघड जातं, टॅब मिळाला तर बघा.