बिनवाटेचे माथे : विदर्भातले अनुभव

माथे मोजत फिरायचा नाद स्कॉटलंडात जुना आहे. ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तिथल्या ३,००० फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली आणि लोक अजून ती पुरी करत हिंडतायत. आपल्याकडे डोंगर म्हटला की कळसूबाई, नाहीतर एखादा किल्ला. किल्ला म्हणजे वाट आलीच. इथे ते नको. विदर्भातला असा माथा सांगा ज्याला नकाशावर नुसता उंचीचा आकडा आहे, नाव नाही, वाट नाही, आणि तुम्ही झाडीतून घुसत वर गेलात. उंची कमी असली तरी चालेल, पण चहूबाजूंनी निदान तीन समोच्च रेषा (नकाशावर सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा), म्हणजे ६० मीटर, उतरावं लागत असेल तरच त्याला वेगळा माथा म्हणू. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात चोरून गेलेल्यांनी लिहू नये. परवानगी नसेल तर माथा बाद. आलेली उत्तरं खाली लिहिणाऱ्यांच्या गावांच्या नावानं दिली आहेत.

परतवाडा

वैराट सोडा राजेहो. १,१७७ मीटर, गाविलगडच्या रांगेत सगळ्यात उंच, पण त्याचं नाव शाळेच्या पुस्तकातच आहे. आमचा शौक खालच्या बिननावाच्या टेकड्यांचा, जिथं रेंज ऑफिसातून हो म्हणतात.

मेळघाटचा डोंगर लांबून सोपा दिसते. आहे तो लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. एक थर चढलं की सपाटी, मग पुन्हा दीड-दोन पुरुष उंचीचा उभा कडा. रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असल्यामुळे हा कडा नकाशात येतच नाही. त्याच्या पायथ्याशी आडवं चालत राहायचं, कुठंतरी दगड घसरून घळ झालेली असते, तिथून वर. आडवं चालणं म्हणजे डोक्याएवढं गवत. कुसळ मोज्यातून आत शिरते आणि पुढं सरकते, मागं येत नाही. बसून एकेक उपटावं लागते, अन् उपटून उभं राहिलं की दुसऱ्या पायात.

वर गेलो तर माथा ताटासारखा सपाट. सगळ्यात उंच जागा कोणती यावर आमच्या तिघांची तीन मतं, तिघांच्या मोबाइलचे तीन आकडे. सोबतचा कोरकू भाऊ आमची मजा पाहत होता. त्यानं सरळ सालईच्या झाडाकडं नेलं. तिथं शेंदूर फासलेला दगड आणि नारळाच्या करवंट्या. "आम्ही तं येतोच ना हरसाल," म्हणे. उतरताना त्यानं पलीकडच्या सोंडेवरून नेलं, तासाभरात खाली.

मग हा बिनवाटेचा धरायचा का? मी धरतो. आम्ही ज्या बाजूनं चढलो तिथं वाट नव्हती.

साकोली

वरच्या भाऊंशी सहमत नाही. गावाचा देव वर असेल तर वाट आहे, आपल्याला दिसली नाही इतकंच.

आमच्या गायखुरीच्या डोंगरात प्रश्न वेगळा, ढोरवाटेचा. ती धरली तर माथा बाद होतो का? एका गायकीला, म्हणजे गुराख्याला, विचारलं, ही वाट वर जाते का. तो म्हणाला, "ढोरायले वर का काम हाये जी?" खरंच, ढोरवाट पाण्याला जाते नाहीतर सावलीला, माथ्याला नाही. अर्ध्या उंचीवर ती संपली आणि बांबू लागला.

बांबूच्या रांजी (बेटं) उभ्या असतात तोवर ठीक, दोन रांजींमधून माणूस निघतो. पण मोडून पडलेले वाळके बांबू एकावर एक आडवे, छातीपासून घोट्यापर्यंत. वरून गेलं तर पाय आत, खालून गेलं तर पाठीवरची पिशवी अडकते. त्यात येरोणीचा काटा वाकडा, पुढं निघालात की मागं ओढतो, सोडवायला एक पाऊल मागंच यावं लागतं. तासाला अर्धा किलोमीटर झाला तर पुष्कळ.

गायकी दर थोड्या वेळानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर ठोकत होता आणि जोरात हाळी देत होता. अस्वलासाठी. त्याला चाहूल लागली तर ते आपणहून निघून जातं, बांबूत अचानक समोर आलं तर मग काही खरं नाही. मोह पडायला लागला की अस्वलं मोहाखालीच असतात, म्हणून होळीनंतर आम्ही त्या बाजूला फिरकत नाही.

ब्रह्मपुरी

रागावू नका, पण आमच्याकडे हा नाद नको. इथले वाघ प्रकल्पाच्या हद्दीतच राहत नाहीत, शेताच्या धुऱ्यापर्यंत येतात. मोह वेचायला, तेंदूपत्त्याला गेलेली माणसं उन्हाळ्यात मारली जातात. ते पोटासाठी जातात, तरी वनरक्षक त्यांना हात जोडून जंगलात एकटं जाऊ नका म्हणतो. तुम्ही हरवलात तर शोधायला तोच वनरक्षक आणि तेच वनमजूर जाणार. पाहिजे तर दुर्बिणीतून मोजा माथे.

नागपूर

माझा भर जाळरेषेवर. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी वनखातं पट्टे साफ करून जाळून घेतं, त्याच जाळरेषा. पुष्कळ जाळरेषा कक्षांच्या, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांच्या, हद्दीवर असतात आणि हद्द बहुतेक डोंगराच्या धारेवरून जाते. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत अंग फाडून घेण्यापेक्षा धार गाठायची आणि एका मुनाऱ्यावरून (हद्दीच्या खुणेवरून) दुसऱ्यावर जायचं. याला कोणी लबाडी म्हणेल, म्हणो.

जाताजाता : माथ्यांचा खरा वेडा माणूस आपल्या हिंगणघाटात पुरलेला आहे. विल्यम लॅम्ब्टन, देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे. एका माथ्यावरून दुसरा दिसावा म्हणून या लोकांनी टेकड्यांवरची झाडं तोडायला लावली. १८२३ च्या जानेवारीत मोजणीच्या प्रवासातच ते हिंगणघाटला वारले. कबर आहे, बघून या.

गडचिरोली

मी शिक्षक. इकडे हातात नकाशा आणि जीपीएस घेऊन डोंगराकडं निघालेला अनोळखी माणूस दोन्हीकडून संशयात येतो, त्यामुळे आधी गावात बसायचं, गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, भेटायचं, पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं. त्यात एक दिवस जातो. आम्ही गायत्यासोबतच चढलो. माथा पन्नासेक पावलं राहिला असताना तो म्हणाला, पुढं देवाची जागा, तुम्ही इथंच थांबा. थांबलो. मी यादीत खूण केलेली नाही, माझ्या मित्रानं केली. आमचा वाद चालू आहे.

वर्धा

आम्ही तिघी मैत्रिणी बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या टेकड्या करतो, म्हणून कपड्यांचं सांगते, ते कोणी लिहिलंच नाही. त्या गुळगुळीत ट्रॅकपँटी बोराटीत पहिल्या दहा मिनिटांत जातात. जुनी जीन, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, मोजे पँटवर चढवलेले. खाजकुइलीची लव लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढा, लव निघते, मग धुवा. आणि घरी आल्यावर गोचिड शोधायला कोणाला तरी बसवा, काखेत आणि कानामागं आपलं आपल्याला दिसत नाही.

परतवाडा

साकोलीकर, ढोरवाट माझ्याकडून चालेल, फक्त ती कुठपर्यंत होती ते लिहा. अन् ती सालईवाली टेकडी मी यादीतून काढत नाही. वाटलं तर पौषात या, माझ्या बाजूनं चढून दाखवा, मग बोलू.