शुक्रवारी मटण नाही, मग ताटात काय?

सी २०३: ए विंगच्या काकू, जरा मदत करा. राखेचा बुधवार झाला, म्हणजे आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा ४० दिवसांचा उपवासकाळ लागला, त्यात शुक्रवारी मांस नाही. तेव्हापासून घरात एकच प्रश्न, शुक्रवारी काय करायचं? आम्ही मूळचे वसईचे. तिकडे शुक्रवार म्हणजे मासळी ठरलेली. इथे घाट चढून आलेली मासळी मुलांना आवडत नाही, आणि पनीर तरी किती वेळा करणार?

ए १०१: अगं, पनीर आणूच नकोस. मटण बंद करायचं आणि त्याच्या जागी तेवढंच महागडं, लोण्यात घोळलेलं काहीतरी करायचं, हे मला पटत नाही. आमच्या सासूबाई त्या दिवसाच्या मटणाचे पैसे डब्यात टाकायच्या आणि ईस्टरच्या आधी गरजूंना द्यायच्या. ताट साधं असलं तरच डब्यात काही पडतं. आणि कोल्हापुरात साध्या जेवणाला काय तोटा आहे? अख्खा मसूर कर.

सी २०३: हॉटेलसारखा जमेल का?

ए १०१: त्याहून चांगला जमतो. चार माणसांना दीड वाटी मसूर दोन तास भिजव. कुकरला दोनच शिट्ट्या. दाणा बोटानं दाबला तर मोडावा, पण आमटीत अख्खा दिसावा. पीठ झालं की मजा गेली. कांदा उभा चिरून चांगला काळपट होईपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं, आलं, लसूण, थोडे तीळ, सगळं पाटा-वरवंट्यावर नाहीतर मिक्सरला बारीक. तेलात हे वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परत, मग आपली कांदा-लसूण चटणी दोन चमचे. इथं गॅस बारीक कर, चटणी करपली तर रस्सा कडू होतो. मसूर घातल्यावर गरमच पाणी ओत, गारढोण ओतलंस की तर्री बसते. ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. पोरं मटणाचं नाव काढणार नाहीत, कारण वाटण तेच आहे.

बी ४०२: वहिनी, मनापासून विचारतो. ऑफिसातले एक ख्रिस्ती मित्र येत्या शुक्रवारी आमच्यात जेवायला येणार आहेत. पीस न वाढता नुसता तांबडा-पांढरा वाढला तर चालतंय काय?

ए १०१: नको भाऊजी. दोन्ही रस्से मटणाच्या अळणीवरच, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावरच होतात. पाहुणा संकोचानं पिईल आणि ते त्याच्या मनाला खात राहील. झुणका, भाकरी, खर्डा, दही एवढं करा, घरचं माणूस म्हणून जेवेल. दूध, दही, अंडी, मासे कॅथलिकांना चालतात. प्रोटेस्टंट असतील तर सहसा लेखी नियम नसतो, प्रत्येक घराचं वेगळं. तेवढं आधी फोन करून विचारा.

बी ४०२: विचारतो. बरं झालं सांगितलासा.

सी २०३: काकू, धाकटी दहा वर्षांची आहे, सासूबाई सत्तरीच्या. त्यांनाही हेच?

ए १०१: कॅथलिक नियमात मांस वर्ज्य करायचं ते १४ वर्षं पूर्ण झाल्यावर. पोटभर एकदाच जेवायचा उपवास फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. बाकी दोन वेळा थोडंसं खाता येतं. आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी, यांनी उपवासाच्या भरीला पडूच नये. पण घरात दोन स्वयंपाक करू नकोस. सगळ्यांना एकच साधं ताट वाढ, लेकरांनाही कळतं हे दिवस वेगळे आहेत. रविवार त्या ४० दिवसांत धरत नाहीत, म्हणून रविवारी बरेच जण मटण आणतात. आमच्यात ईस्टरपर्यंत आणत नाही, ते आमचं आम्ही ठरवलेलं.

ए ३०५: मी तुमच्यातली नव्हे, पण पोरी, शेंगोळी करून बघ. हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पीठ, मूठभर कणीक, लसूण-जिरं-मिरची वाटून, हळद, मीठ. पीठ घट्ट मळायचं. तळहाताला तेल लावून बोटाएवढी वळी वळायची आणि शेंगेसारखा बाक द्यायचा. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक सोडायची. उकळीच्या आधी सोडलीस तर विरघळून पिठलं होतं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून त्यातच ओत, रस्सा दाट येतो. वीस-पंचवीस मिनिटं शिजू दे. वर तेलाची धार. दुसरं काही लागत नाही, पोट दुपारपर्यंत हलत नाही.

सी २०३: आजी, हे तर मी कधी खाल्लंच नाही! हुलगे कुठे मिळतील?

ए ३०५: लक्ष्मीपुरीच्या बाजारात बघ. पीठ विकत घेऊ नको, दळूनच आण. आधी कढईत भाजून घे, नाहीतर उग्र वास येतो.

ए १०१: आजी, मलाही पाहिजेत. सी २०३, उद्या सकाळी दहाला मी जाणार आहे, चल बरोबर. गिरणी परतीच्या वाटेवरच आहे.

बी ४०२: वहिनी, आमचेही अर्धा किलो आणा. मित्राचा फोन आला, मटण बंदच आहे म्हणाला. झुणक्याबरोबर शेंगोळीपण करतो.