कंपनी पूर्वी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेली आहे का, हे खात्रीने कसे तपासावे?

नमस्कार.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे प्रेस पार्ट्सचे (पत्रा दाबून बनवलेले सुटे भाग) लहान युनिट आहे. सिन्नरजवळच्या मुसळगाव येथील एका कंपनीकडून वर्षभराच्या कामाची विचारणा आली असून डाय (पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे) आम्ही स्वखर्चाने बनवायच्या आणि बिलाचे पैसे ९० दिवसांनी घ्यायचे, अशी त्यांची अट आहे. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असे कायदा सांगतो. पण नव्या गिऱ्हाइकापुढे कायदा काढला की ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, हे इथे कोणाला सांगायला नको. अट मी मान्यही केली असती, परंतु "ही मंडळी मागे एकदा बसली होती", म्हणजे दिवाळखोरीत गेली होती, असे दोन वेगवेगळ्या माणसांकडून कानावर आले आहे.

यापूर्वी एका ग्राहक कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रातील जाहीर सूचना माझ्या नजरेतून सुटली. पैसे थांबल्यावर चौकशी केली, तोवर कंपनीवरील वसुलीच्या कारवायांना कायद्याने स्थगिती लागू झाल्याने कोर्टात दावाही लावता येईना, आणि तारण नसलेला माझ्यासारखा पुरवठादार रांगेत बँकांच्या बराच मागे उभा असतो, हे तेव्हा कळले.

म्हणून या वेळी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंद पाहिली. स्थिती 'ॲक्टिव्ह' आहे. नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या जाहीर सूचनांमध्येही नाव सापडले नाही. मात्र कंपनीच्या २१ अक्षरी ओळख क्रमांकात नोंदणीचे वर्ष २००४ आहे आणि आजचे नाव तर अलीकडचे दिसते. म्हणजे नाव बदलले असावे, आणि तसे असेल तर मी ज्या नावाने शोधले ते नाव जुन्या कागदांवर असणारच नाही. शिवाय निराकरण आराखडा (दिवाळखोरीतून कंपनी सावरण्याची योजना) मंजूर झालेली कंपनीही पुन्हा 'ॲक्टिव्ह' दिसू शकते, असे माझ्या सनदी लेखापालांचे म्हणणे आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. १०० रुपये भरून मंत्रालयाकडील सार्वजनिक कागदपत्रे पाहिल्यास नावबदलाचे प्रमाणपत्र आणि बँकांच्या बोजाचा (कर्जापोटी मालमत्तेवरील तारणाचा) इतिहास, दोन्ही नीट हाती लागतात का? कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणे चालवणाऱ्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज सादर झाला, पण तो दाखल करून घेण्याआधीच तडजोड झाली, तर पक्षकाराच्या नावाने शोधल्यास असे प्रकरण दिसते का? नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची, कंपनी २००४ ची. त्याआधीच्या काळात मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याचा अर्ज झाला असल्यास तो घरबसल्या शोधण्याची काही सोय आहे का?

आणखी एक शंका मला अधिक सतावते. मार्च २०२० पासून दिवाळखोरीच्या अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी रुपये झाली आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांचे पाच-दहा लाख बुडवणाऱ्या कंपनीचे नाव तेवढ्या थकबाकीसाठी न्यायाधिकरणात येणारच नाही. अशा वेळी ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या खटल्यांची माहिती देणारे सरकारी संकेतस्थळ) नाशिक जिल्ह्यातील वसुलीचे दावे शोधणे पुरेसे ठरते, की संचालकांच्या इतर कंपन्याही तपासाव्यात? तपासायच्या झाल्यास कोणत्या नोंदीपासून सुरुवात करावी?

ऐकीव गोष्टीवरून कोणाची बदनामी होऊ नये, म्हणून कंपनीचे नाव दिलेले नाही. कृपया तर्कानेही कोणी देऊ नये. डायचे पोलाद मागवायला माझ्याकडे आठ दिवस आहेत.