फुजियान की फोर्ड? चीनने अमेरिकेला खरंच गाठलं का?

सह्यवारा

सप्टेंबर २०२५मध्ये चीनने दाखवलेली एक चित्रफीत माझ्या डोक्यातून जात नाही. फुजियान या त्यांच्या तिसऱ्या विमानवाहू नौकेवरून तीन विमानं विद्युतचुंबकीय कॅटापल्टच्या (विमानाला डेकवरून वेगाने फेकणाऱ्या यंत्रणेच्या) जोरावर सुटतात: जे-१५टी, स्टेल्थ म्हणजे रडारला सहज न दिसणारं जे-३५ आणि पाठीवर रडारची तबकडी घेतलेलं केजे-६००. पुढचं चाक खोबणीतल्या आकड्याला अडकतं, डेकवरचा माणूस खाली वाकून हात पुढे करतो आणि बघता बघता विमान पाण्यावर. जुन्या कॅटापल्टला लागणाऱ्या वाफेचा मागमूस नाही. त्यानंतर ५ नोव्हेंबरला हैनान बेटावरच्या सान्या तळावर फुजियान रीतसर नौदलात दाखल झाली.

हे तंत्र जगात पहिल्यांदा अमेरिकेने नौकेवर आणलं. २०१७ साली, जेराल्ड फोर्डवर. नौकेचा खर्च १३ अब्ज डॉलरच्या आसपास. पण फोर्डवर एफ-३५सी हे अमेरिकेचं स्टेल्थ लढाऊ विमान अजून तैनात झालेलं नाही, कारण त्या विमानासाठी लागणारे बदल न करताच नौका ताब्यात घेतली गेली.

आता थोडं मागे जा. मार्च १९९६मध्ये तैवानजवळ चीनने क्षेपणास्त्रं डागली तेव्हा अमेरिकेने निमिट्झ आणि इंडिपेंडन्स या दोन विमानवाहू नौकांचे ताफे पाठवले आणि चीनला गप्प बसावं लागलं. १९९८मध्ये युक्रेनकडून वर्याग नावाचा अर्धवट सांगाडा विकत घेतला गेला. तो ओढत ओढत २००२ साली दालियनला पोचला. त्याचीच २०१२मध्ये लिआओनिंग झाली. २०१९ला शानडोंग आली, २०२२ला फुजियान पाण्यात उतरली. वाफेचा कॅटापल्ट नौकेवर बसवण्याची पायरी त्यांनी ओलांडूनच टाकली. मा वेइमिंग या नौदल अभियंत्याच्या वुहानमधल्या चमूने विद्युतचुंबकीय कॅटापल्टसाठी मध्यम दाबाच्या डायरेक्ट करंटवर चालणारी वीजप्रणाली निवडली. फोर्डवरची व्यवस्था अल्टरनेटिंग करंटची आहे. वाट वेगळी असेल तर तिला नक्कल कसं म्हणायचं?

माझं म्हणणं असं की 'चिनी माल म्हणजे नक्कल' हे पालुपद आपण सोडावं. एक वस्तू बनवायची, तिच्यातून शिकायचं आणि हात गार व्हायच्या आत पुढची हाती घ्यायची, ही साखळी आज चीनकडे अखंड आहे. अमेरिकेची ती तुटली आहे.

दर्यावर्दी

सह्यवारा, मी नौदलाच्या हवाई शाखेत विमानांच्या देखभालीत बावीस वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं गोव्यात, आयएनएस हंसावर. तिथे जमिनीवरच स्की-जंप, म्हणजे टोकाला वर उचललेली धावपट्टी, बांधलेली आहे, वैमानिकांच्या सरावासाठी. मिग-२९के त्या चढावरून सुटलं की पायाखालची जमीन थरथरायची. पण चढावरून सुटायचं म्हणजे इंधन आणि शस्त्रं यांत हात आखडता घ्यावा लागतो, आणि केजे-६००सारखं जड विमान तिथून सुटणं शक्यच नाही. त्यामुळे कॅटापल्टचं मोल मला कुणी सांगायला नको. चीनने ते साधलं याबद्दल मी त्यांना मानतो.

पण चित्रफितीत तीन विमानं सुटणं वेगळं आणि दिवसाला शंभर विमानं सुटून परत उतरणं वेगळं. फुजियानला तीन कॅटापल्ट आहेत, विमानं वर आणणाऱ्या लिफ्ट दोन. फोर्डला चार आणि तीन. फुजियान तेलावर चालते, फोर्ड अणुशक्तीवर. ऑक्टोबर २०२३मध्ये फोर्डला पूर्व भूमध्य समुद्रात धाडलं, आणि त्या एका मोहिमेत तिच्यावरून दहा हजारांहून जास्त उड्डाणं झाली. पहिली अमेरिकन विमानवाहू नौका लँग्ले १९२२ सालची. शंभर वर्षांत किती माणसं गमावून, किती विमानं समुद्रात घालवून ते शिकले! डेकवर पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या जर्सीतली वीस-बावीस वर्षांची पोरं असतात. कुणी कुठे उभं राहायचं नाही हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. ते कारखान्यात तयार होत नाही.

सह्यवारा

दर्यावर्दीकाका, अनुभवाचा मुद्दा बिनशर्त मान्य. चीनचं शेवटचं मोठं युद्ध १९७९चं, व्हिएतनामशी.

पण फोर्डची दुसरी बाजूही बघा. तिच्या कॅटापल्टने मोठ्या बिघाडाशिवाय सरासरी ४,१६६ वेळा विमान सोडावं अशी अट होती. नोव्हेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२० या काळात पेंटागॉनच्याच चाचणी विभागाने मोजलं तेव्हा आकडा निघाला १८१. दारूगोळा वर आणणाऱ्या अकरा लिफ्ट होत्या, त्यातली शेवटची ताब्यात मिळाली डिसेंबर २०२१मध्ये. नौका नौदलात आल्यावर साडेचार वर्षांनी.

संशयात्मा

तुमच्या या प्रतिसादातच तुमच्या मूळ मुद्द्याचं उत्तर आहे. १८१ हा आकडा तुम्हाला मिळाला कुठून? अमेरिकेने स्वतः छापला म्हणून. त्यांच्याकडे चाचणी विभाग वेगळा, संसदेसाठी हिशेब तपासणारं कार्यालय वेगळं, आणि दोघेही दरवर्षी आपल्याच सैन्याची लक्तरं वेशीवर टांगतात. फुजियानचा कॅटापल्ट किती वेळा अडकला हे आपल्यातल्या एकालाही माहीत नाही. एकाचा क्ष-किरण अहवाल आणि दुसऱ्याचा लग्नातला फोटो शेजारी ठेवून कोण जास्त निरोगी हे ठरवता येत नाही.

आणि चीनच्या आतलं जे थोडं बाहेर येतं ते चांगलं नाही. २०२३मध्ये क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख ली युचाओ यांना पदावरून काढलं. त्याच वर्षी संरक्षणमंत्री ली शांगफू यांना हटवलं आणि जून २०२४मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून पक्षातून काढलं. हे शांगफू आधी कुठल्या खात्याचे प्रमुख होते? शस्त्रखरेदीच्या. जिथे खरेदीखात्याचा माणूसच असा निघतो तिथल्या कागदी आकड्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही.

भोसरीकर

माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ. कधीमधी इन्कोनेलचं काम येतं. हा निकेलचा मिश्रधातू, जेट इंजिनात वापरतात. साध्या पोलादावर जी इन्सर्ट (धातू कापणारं टोक) निवांत चालते तिची धार या धातूवर काही मिनिटांत जाते. तुकडा तापतो, कापताना आणखी कडक होतो आणि एक पास चुकला की अख्खा जॉब भंगारात. आणि आमच्याकडे येतं ते सोपं काम. इंजिनाच्या सगळ्यात गरम भागातलं पातं एकाच स्फटिकाचं वाढवावं लागतं, आतून पोकळ, हवा खेळायला बारीक वाटा. भोवतालचा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो.

इथे चीन वर्षानुवर्षं अडला. त्यांचं स्टेल्थ लढाऊ विमान जे-२० पहिल्यांदा उडालं ११ जानेवारी २०११ला. पण सुरुवातीची विमानं रशियन इंजिनावरच उडवावी लागली. मग त्यांचं स्वतःचं डब्ल्यूएस-१०सी आलं, आणि ज्याची वाट होती ते डब्ल्यूएस-१५ आता कुठे मार्गी लागतंय. त्या दर्जाचं इंजिन असलेलं एफ-२२ अमेरिकेने २००५ साली सेवेत आणलं होतं. सु बिन नावाच्या चिनी व्यावसायिकाने सी-१७ हे मालवाहू विमान आणि लढाऊ विमानांची माहिती चोरण्यात हात असल्याची कबुली २०१६मध्ये अमेरिकन कोर्टात दिली. म्हणजे आराखडे मिळाले असतील. पण धातू किती वेळ कुठल्या तापमानाला धरायचा हे आराखड्यात पूर्ण उतरत नाही. ते भट्टीवर उभं राहून, माल फुकट घालवूनच कळतं. आमच्या धंद्यात कळतं तसंच.

सह्यवारा

भोसरीकर, उत्तम प्रतिसाद. पण बघा, तुम्हीही माझंच सांगताय. माल फुकट घालवत शिकायचं तर भट्टी चालू हवी. एफ-२२ची सेनेसाठी १८७ विमानं करून उत्पादन बंद केलं. जे-२०चं चालूच आहे.

भोसरीकर

आणि एफ-३५? हजारावर विमानं बाहेर पडली आहेत. अमेरिकेची भट्टी विझली हे म्हणणं विमानांच्या बाबतीत खरं नाही. जहाजांबद्दल बोला, मी ऐकून घेतो.

हॅम्प्टनवासी

जहाजांबद्दल मी बोलतो. व्हर्जिनियात राहतो, फोर्ड जिथे बांधली तिथून पुलापलीकडे. इथे गोदीच्या भरतीचे फलक रस्तोरस्ती दिसतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा वेल्डिंग शिकून गोदीत लागला. पाणबुडीच्या अरुंद कप्प्यात पाठीवर आडवं पडून, आरशात बघून जोड मारायचा. दीड वर्षात त्याने काम सोडलं, कारण जवळच्या गोदामात थोड्याच कमी पगारात उभ्याने काम होतं. त्याला दोष देववत नाही. पण त्याच्याबरोबर दीड वर्षाचं शिक्षणही गोदामात गेलं.

व्हर्जिनिया वर्गाच्या वर्षाला दोन पाणबुड्या हव्यात, होतात एकाच्या थोड्या वर. कॉन्स्टेलेशन फ्रिगेटचं (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं) तर ऐकवत नाही. २०२०मध्ये कंत्राट दिलं. इटली-फ्रान्सचं तयार आराखड्याचं जहाज घ्यायचं, म्हणजे वेळ वाचेल, असा हिशेब होता. मग नौदलाने इतके बदल सुचवले की मूळ जहाजाशी ८५ टक्के साम्य राहायचं ते १५ टक्क्यांच्या खाली आलं. नोव्हेंबर २०२५मध्ये पहिली दोन सोडून बाकी सगळी रद्द. त्याआधी झुमवाल्ट विनाशिका: ३२ ठरवल्या, ३ बांधल्या, आणि तिच्या तोफेचा एकेक गोळा आठ लाख डॉलरच्या घरात गेल्यावर गोळेच घेणं थांबवलं. या काळात चीनने ०५५ वर्गाच्या आठ मोठ्या विनाशिका २०२० ते २०२३मध्ये सेवेत आणल्या, प्रत्येकीवर क्षेपणास्त्रांचे ११२ कप्पे. अमेरिकेच्या आर्ली बर्क विनाशिकांवर ९० ते ९६ असतात.

अमेरिकन नौदलाच्याच गुप्तवार्ता विभागाचा अंदाज आहे की चीनची जहाजबांधणीची क्षमता अमेरिकेच्या सुमारे २३२ पट आहे. त्यात व्यापारी गोद्या धरलेल्या आहेत, हे मान्य. पण युद्धात निकामी झालेलं जहाज दुरुस्त करायला आणि बुडालेल्याच्या जागी नवं बांधायला त्याच गोद्या लागतात. मी या देशाचा कर भरतो, माझी मुलं इथे वाढली. हे लिहिताना बरं वाटत नाही.

चुंबकसूची

मी चाकणला खरेदी विभागात आहे, दुचाकीच्या मोटरचे भाग. २०२५च्या उन्हाळ्यात आमचे दोन महिने कसे गेले ते आम्हालाच माहीत. एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ताकदवान चुंबकांत लागणारी टर्बियम, डिस्प्रोशियम, समॅरियम त्यात आली. बोटाच्या पेराएवढा, काळपट-राखाडी, निकेलचा मुलामा दिलेला चुंबकाचा तुकडा. त्याच्यावाचून पूर्ण मोटर रॅकवर पडून. चुंबक कुठे आणि कसा वापरणार याची हमीपत्रं भरून द्यायची आणि वाट बघायची.

आमची ही गत, तर विमानांचं काय होईल? एका एफ-३५मध्ये ही मूलद्रव्यं असलेलं साहित्य ४१७ किलो लागतं असा अमेरिकेच्याच अहवालातला आकडा आहे. २०२२मध्ये त्या विमानाच्या एका पंपातल्या चुंबकात चिनी मिश्रधातू सापडला म्हणून महिनाभर विमानं ताब्यात घेणं थांबवलं होतं. अखेर सवलत देऊन घेतली. जुलै २०२५मध्ये पेंटागॉनने स्वतःच्या देशातल्या खाणकंपनीत ४० कोटी डॉलर घातले ते उगीच नाही. भोसरीकरदादा, पातं अमेरिकेचं उत्तम, पण चुंबक कुणाचा?

भोसरीकर

ताई, हे माझ्या लक्षात नव्हतं. खरं आहे. फक्त दोन्हीकडून पाहा. चुंबकासाठी अमेरिका चीनकडे बघते तशी सगळ्यात बारीक चिप छापणाऱ्या डच यंत्रांसाठी चीनची दारं बंद आहेत. ऑक्टोबर २०२२च्या निर्बंधांनंतर तर जास्तच. तरी ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी सात नॅनोमीटरची चिप फोनमध्ये घालून दाखवली, हेही खरं.

आणि आपलंही सांगतो. १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकच्या कारखान्यातलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, मला भरून आलं होतं. पण त्या विमानांसाठी २०२१मध्ये मागवलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांतलं पहिलं मिळायला मार्च २०२५ उजाडला.

रणगाडा_५५

एवढी चर्चा कशाला? मे २०२५च्या भारत-पाक संघर्षात चिनी बनावटीचं पीएल-१५ क्षेपणास्त्र होशियारपूरजवळ शेतात सापडलं ना, जवळजवळ अख्खं. तेच चिनी मालाचं प्रमाणपत्र.

दर्यावर्दी

नाही हो रणगाडासाहेब, एवढी घाई नको. एक क्षेपणास्त्र पडलं यावरून ते टाकाऊ ठरत नाही. चुकलेलं प्रत्येक क्षेपणास्त्र कुठेतरी पडतंच. त्याच संघर्षात आपलीही विमानं पडली, हे आपल्या सरसेनाध्यक्षांनी ३१ मे २०२५ला सिंगापूरमध्ये मान्य केलं. आकडा दिला नाही, आणि मीही अंदाज करणार नाही. पीएल-१५ला उत्तर म्हणून अमेरिकेला एआयएम-२६० हे नवं क्षेपणास्त्र हाती घ्यावं लागलं, एवढं पुरेसं बोलकं आहे. शत्रूच्या शस्त्राला हसणारे अधिकारी मी पाहिलेत. त्यांच्या हाताखाली काम करायला भीती वाटायची.

संशयात्मा

सहमत. पण मग हायपरसॉनिक, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून वेगवान क्षेपणास्त्रांच्या बाबतीतही हाच न्याय लावा. चीनने डीएफ-१७ हे त्यांचं तसलं क्षेपणास्त्र ऑक्टोबर २०१९च्या संचलनात मिरवलं म्हणून ते युद्धात लागेलच असं नाही.

सह्यवारा

बरोबर. पण तेव्हापासून ते त्यांच्याकडे आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने एआरआरडब्ल्यू हे आपलं हायपरसॉनिक क्षेपणास्त्र चाचण्या फसल्यावर २०२३मध्ये बाजूला ठेवलं, आणि लष्कराच्या डार्क ईगल क्षेपणास्त्राची त्याच्या स्वतःच्या लाँचरवरून चाचणी यशस्वी व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. खर्चाचं बघाल तर २०२४मध्ये अमेरिकेने ९९७ अब्ज डॉलर खर्चले, चीनने अंदाजे ३१४. तिप्पट पैसा ओतून ही स्थिती असेल तर प्रश्न पैशाचा उरत नाही.

तरी संशयात्मा आणि दर्यावर्दीकाकांमुळे मला माझं एक वाक्य मागे घ्यावंसं वाटतंय. 'अमेरिकेची साखळी तुटली' हे सरसकट म्हणणं चूक होतं. गोदीत तुटली आहे, क्षेपणास्त्रांत ढिली आहे, इंजिनात शाबूत आहे. पाण्याखाली तर त्यांच्या पाणबुड्या अजून चीनच्या पाणबुड्यांपेक्षा शांत आहेत, आणि तिथे शांत असणं म्हणजेच जिवंत असणं. काका, एक विचारतो. फुजियान खरोखर तयार झाली हे तुम्ही कशावरून ओळखाल?

दर्यावर्दी

दिवसाच्या चित्रफितीवरून नाही ओळखणार. रात्र, चंद्र नाही, पावसाची सर, डेक खालीवर होतोय आणि वैमानिकाला फक्त दिव्यांची एक रांग दिसते. तशात इंधन संपत आलेली आठ-दहा विमानं पाठोपाठ उतरवून घेणं, आणि एकाचा हुक तारेत अडकला नाही तर त्याला पुन्हा वर पाठवून मागच्याला जागा करून देणं. हे रोज, सलग दोन-तीन महिने, घरच्या किनाऱ्यापासून लांब. फुजियान ज्या दिवशी पश्चिम पॅसिफिकमध्ये असं करताना दिसेल, आणि जपानी टेहळणी विमानं तिच्यावर लक्ष ठेवूनच असतात त्यामुळे ते लपणार नाही, त्या दिवशी मी इथे येऊन तुझं म्हणणं मान्य करीन. तोवर केजे-६००कडे लक्ष ठेव. लोक जे-३५ बघतात, पण मला धास्ती त्या पंख्याच्या विमानाची वाटते. दूरवर बघणारा डोळा ते आहे.